मामा, पण का?

गेल्या मे महिन्यात भाच्याला घेऊन मी कसाऱ्याला गेलो. वय वर्षं नऊ. प्लॅन काहीच नव्हता, लोकल जिथे संपते तिथे काय असतं हे त्याला बघायचं होतं. सीएसएमटीहून अडीच तास, आणि त्या अडीच तासांत किमान चाळीस ‘का?’

ऑफिसात दिवसभर लोकांना उत्तरं देऊन वैतागलेला माणूस अशा वेळी काय करतो? ‘असंच असतं रे’ म्हणतो. मीही म्हणालो. आसनगावच्या पुढे पोरगं गप्प झालं, खिडकीतून नुसतं बघत बसलं. तेव्हा पोटात जरा कालवलं. ताई नेहमी सांगते, उत्तर येत नसेल तर उलटा प्रश्न टाक, पण त्याचं तोंड बंद करू नकोस.

कसाऱ्याला एका लांब पल्ल्याच्या गाडीला मागून इंजिन लावत होते. याला ‘बँकर’ म्हणतात. (मी बँकेत असूनही खरा बँकर तिथे पाहिला!) ‘मागे का?’ या वेळी मी विचारलं, ‘तुला काय वाटतं?’

‘ढकलायला.’

‘मग पुढेच अजून एक लावलं तर?’

त्याने पाठीवरची सॅक काढली, पट्ट्याने ओढली, मग खालून हात देऊन उचलली. ‘सगळं वजन पट्ट्यावर आलं तर तो तुटेल!’ बरोबर. थळ घाटात 37 फुटांना 1 फूट चढ आहे. मागच्या इंजिनामुळे डब्यांच्या जोडण्यांवरचा ताण कमी होतो. मी फक्त आकडा पुरवला, बाकी सगळं त्याचं.

मी खूश. पण बाहेर वडापाव खाताना रस्त्यावर टँकर दिसला, भोवती हंड्यांची रांग.

‘मामा, तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातच आहेत ना? मग इथे टँकर का?’

तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा तर आपला सगळ्यात मोठा स्रोत. मी अगदी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, ‘धरणं खाली, पाडे उंचावर. पाणी चढवायला पंप लागतो, खर्च येतो.’

‘आपण बाराव्या मजल्यावर राहतो. तिथे कसं चढतं?’

आता बोला! ‘तुला काय वाटतं?’ हे विचारायचीही सोय राहिली नाही, कारण त्याला काय वाटतं ते कळतच होतं. ‘मला नीट माहीत नाही, आपण शोधू या,’ एवढंच म्हणालो.

परतीच्या लोकलमध्ये त्याने तिकिटाच्या मागे प्रश्न लिहिले. पहिला होता : आपल्या घरी रोज किती हंडे पाणी लागतं? काल सकाळी साहेब बादली घेऊन बाथरूमबाहेर उभे. माझ्या एकट्याच्या आंघोळीचे सहा हंडे निघाले.

‘मामा, पण का?’