हवेतले अन्न आणि धानाचे कोठार

हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि सूर्यापासून मिळवलेली वीज यांच्या बळावर अन्न घडवण्याची कल्पना आता प्रत्यक्षात उतरू लागली आहे. चीनमधील तिआनजिनच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडपासून प्रयोगशाळेत स्टार्च तयार केल्याचे जाहीर केले. फिनलंडच्या 'सोलर फूड्स' कंपनीने सूक्ष्मजीवांना हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड पुरवून प्रथिनयुक्त पीठ तयार केले. २०२२ मध्ये सिंगापूरने त्याला मान्यता दिली. पिके सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी साधारणतः एक टक्का साठवतात. सौरपटल सुमारे वीस टक्के ऊर्जेची वीज करते. शेताविना अन्न, हा विचार या तफावतीतून निघाला आहे.

धानाचे कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगडमध्ये, रायपूरला राहून, या वार्तेकडे निव्वळ कुतूहलाने पाहणे मला जमत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे नीळ आठवते. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंड आणि 'तावान' यांच्या रूपाने रयतेच्या माथी मारला. १९१७ च्या सत्याग्रहामागील एक प्रमुख तक्रार हीच होती. शोधात दोष नव्हता; त्याचा भार कोणी वाहायचा, हे बलवानांनी ठरवले.

दुसरा धडा रायपूरचाच आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या धानाच्या हजारो वाणांचा ठेवा येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीशी संशोधन-सहकार्याची बोलणी झाली, तेव्हा हा ठेवा खासगी हाती जाईल या भीतीने लोक उठले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

म्हणून या तंत्रज्ञानाला विरोध करण्यापेक्षा त्याच्या अटी आताच ठरवाव्यात. पहिली अट विजेची. कोरब्याच्या कोळशाच्या विजेवर असे अन्न करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. जितका वायू वापरला जाईल त्याहून अधिक हवेत जाईल. तेव्हा वीज सौरच हवी, आणि पटलांसाठी धानाची जमीन जाऊ नये. दुसरी अट मालकीची. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क सार्वजनिकच राहावेत. तिसरी अट क्रमाची. प्रारंभ पशुखाद्य व मत्स्यखाद्यातील प्रथिनांपासून व्हावा. भाताशी स्पर्धा आरंभीच नको.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या आधारे दाखवून दिले, की धान्य असूनही ते मिळवण्याचा अधिकार नसल्यास माणसे उपाशी मरतात. छत्तीसगडने २०१२ मध्ये अन्नसुरक्षेचा स्वतःचा कायदा केला, तो याच जाणिवेतून. उद्याचे अन्न शेतातून येवो वा टाकीतून, गरिबाचा त्यावरील हक्क आणि धान पिकवणाऱ्याची उपजीविका, या दोन्हींची तजवीज कारखान्याची पायाभरणी होण्यापूर्वी व्हायला हवी.