पॅच म्हणजे मेहेरबानी नव्हे

‘गेममध्ये चुका राहणारच, नंतर पॅच (दुरुस्तीची फाइल) येतोच की’ या आशयाचे पत्र वाचले. चूक नजरेतून सुटणे वेगळे आणि कच्चा माल ठरल्या तारखेला खपवणे वेगळे. १० डिसेंबर २०२० रोजी आलेला ‘सायबरपंक २०७७’ हा गेम सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळला, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो परतला थेट जून २०२१ मध्ये! शिवाय पॅच फुकट कसा? आमचा रोजचा डेटा दीड जीबी. वीस-पंचवीस जीबींचा पॅच उतरवायचा तर पंधरवडा गेला. पत्रलेखकांकडे बहुधा वायफाय असावे. किंमत पूर्ण घेता ना? मग गेमही पूर्ण द्या, नाहीतर ‘अर्धवट’ असे पेटीवर छापा.

– एक वाचक, खडवली (ता. कल्याण)