टन मोजता, मग आमची जाळीही मोजा



1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. ट्रॉलर धक्क्याला बांधलेत, ज्यांच्याकडे लहान होडी आहे ते नदीत पागेर टाकून घर चालवतात. सगळे जरा मोकळे आहेत, म्हणून नदीचाच विषय काढतो. पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्यात आपले एक जुने सभासद काका गोणपाटात अर्धे जाळे घेऊन सोसायटीत आले. पहाटे तीनच्या सुमारास नदीत जाळे टाकून बसले होते, वरून बार्ज आली आणि अर्धे जाळे पंख्यात ओढून गेली. होडी उलटली नाही हे नशीब. मी विचारले, "काका, बार्जचे नाव?" ते म्हणाले, "अरे, जीव वाचवू की नाव वाचू?" मग मी अर्ज लिहिला. एका कार्यालयात सांगितले नदी राज्याची, पण वाहतुकीचा मार्ग केंद्राचा. दुसरीकडे सांगितले मार्ग केंद्राचा, पण बार्ज खासगी. तिसरीकडे विचारले, जाळ्याचे बिल आहे का? बिल नव्हते. अर्ज अजून माझ्या फायलीत आहे.

आता हा "केंद्राचा मार्ग" काय ते समजून घेऊ. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण नावाची संस्था आहे. 27 ऑक्टोबर 1986 ला स्थापन झाली, मुख्यालय नोएडाला. रस्त्यांना जसे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, तसे नद्यांना हे. 2016 च्या कायद्याने देशात एकूण 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात गोव्याचे सहा: शापोरा, म्हापसा नदी, मांडवी, कुंभारजुवे, झुआरी आणि साळ. मांडवी 41 किलोमीटर, झुआरी 50, कुंभारजुव्याची खाडी 17. म्हणजे आपण रोज जिथे जाळे टाकतो, तो कागदावर क्रमांक असलेला महामार्ग आहे. मांडवी 68 नंबर, झुआरी 111 नंबर.

त्या वेळी गावागावांत ग्रामसभा झाल्या, विरोध झाला, "आमच्या नद्या दिल्लीला दिल्या" म्हणून लोक रस्त्यावर आले. केंद्राने सांगितले की राज्याचे पाण्यावरचे, जमिनीवरचे हक्क आहेत तिथेच आहेत. ठीक. पण हक्क कोणाचा आणि नुकसान कोण भरणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर काकांना अजून मिळालेले नाही.

प्राधिकरण दर वर्षी आपल्या कामाचा हिशेब देते. 2024-25 या वर्षात देशाच्या जलमार्गांवरून 145.5 दशलक्ष टन माल गेला, हा तोपर्यंतचा विक्रम. 2013-14 मध्ये हाच आकडा 18 दशलक्ष टनांच्या आसपास होता. प्रत्यक्ष चालू असलेले जलमार्ग एका वर्षात 24 वरून 29 झाले. पुढचे उद्दिष्ट 2030 पर्यंत 200 दशलक्ष टन आणि 2047 पर्यंत 500. शिवाय डिसेंबर 2024 मध्ये "जलवाहक" योजना आली. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या नद्यांवरून 300 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर माल नेणाऱ्याला चालवण्याच्या खर्चाचा 35 टक्क्यांपर्यंत भाग सरकार परत देते.

मी हे आकडे नावे ठेवायला सांगत नाही. काम झाले आहे. पाण्यावरून माल गेला तर डिझेल कमी लागते, रस्त्यावरचे ट्रक कमी होतात. खाणीच्या ट्रकांनी कुडचडे-सावर्ड्याची काय दशा केली होती ती सगळ्यांनी पाहिली आहे. आणि पाण्यावरची वाहतूक आपल्याला नवी नाही. आपल्या आजोबांच्या वेळी मंगळुरी कौले, मीठ, नारळ सगळे होडीतूनच यायचे. मुंबईहून पणजीला बोट यायची. नदी ही वाट आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माझे म्हणणे वेगळे आहे. या हिशेबात टन आहेत, किलोमीटर आहेत, जेटी आहेत, प्रवासी आहेत. फाटलेले जाळे कुठल्याच रकान्यात नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसा ठेवला जात नाही. मालाला सवलत मिळाली कारण टन मोजले गेले. आपले नुकसान कोणी मोजलेच नाही.

कोणी म्हणेल, हे गंगेचे काम, आपला काय संबंध? संबंध आहे. देशाच्या त्या एकूण आकड्यात महाराष्ट्र आणि गुजरातच्या खाड्यांचा मोठा वाटा आहे. रायगडची अंबा नदी, धरमतरची खाडी, तिथून रोज बार्ज चालतात. म्हणजे विक्रम होतो तो बराचसा आपल्यासारख्याच भरती-ओहोटीच्या पाण्यात, जिथे कोळी, खारवी, गाबीत यांची जाळी आहेत. गोव्यात खनिज 2012 ला थांबले, परत सुरू झाले, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबले. आता खाणपट्ट्यांचे लिलाव झालेत, खनिज परत पाण्यावर येतेय. उद्दिष्ट 145 वरून 200 वर न्यायचे तर बार्ज वाढणार, हे सरळ गणित आहे.

आता एक कडू गोष्ट. समुद्रावरच्या वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला 9 वा नियम सांगतो की अरुंद मार्गात मासेमारी करणाऱ्या होडीने त्या मार्गाने जाणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. समुद्राला जोडलेल्या, जहाजे चालणाऱ्या नदीलाही हे नियम लागतात. म्हणजे चॅनेलमध्ये जाळे असेल तर चूक आपली धरली जाणार. म्हणूनच चॅनेल कुठून कुठे, किती रुंद, हे आपल्यासाठी जेटीपेक्षा महत्त्वाचे आहे. बोये नीट लावलेले असतील तर बोयांच्या आत त्यांची वाट आणि बाहेर आपले जाळे. बोया नसेल, दिवा बंद असेल, तर सगळी नदीच चॅनेल होते आणि आपण कुठेही असलो तरी चुकीचेच ठरतो.

गाळ काढण्याचेही तसेच. तळ खरवडला की खुबे, तिसऱ्या जातात, पाणी गढूळ होते, मासा लांब पळतो. झुआरीच्या चिखलीच्या खाडीतली मेंढी तर दुसरीकडे सहज मिळत नाहीत. ज्या शिंपल्यांनी गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या केल्या, तीच ही. भरधाव बोटीच्या लाटेने खाजनाचे बांध खचतात, मानशीला धक्का बसतो. बांध फुटला तर शेत आणि मासा दोन्ही गेले.

हे सांभाळता येत नाही असे कोणी सांगू नये. फरक्क्याला नवे गेट बांधताना हिलसा मासा गंगेत वर जावा म्हणून वाट ठेवण्याची योजना याच प्राधिकरणाने 2019 मध्ये मांडली होती. कोचीची वॉटर मेट्रो 2023 ला सुरू झाली, तिच्या बोटी लाट कमी उठेल अशा बनवल्या आहेत. हिलशाचा विचार होऊ शकतो तर आमच्या शेवट्यांचा, खुब्यांचा का नाही?

म्हणून सोसायटीतर्फे चार मागण्या मांडाव्यात असे माझे मत आहे.

1. सहाही नद्यांत चॅनेलच्या बोयांचे आणि दिव्यांचे काम आधी, नव्या जेटी नंतर. चॅनेलचा नकाशा प्रत्येक सोसायटीत मराठी-कोकणीत लावावा.

2. गाळ काढायच्या किमान महिनाभर आधी सोसायटीला लेखी कळवावे. अंडी घालायच्या दिवसांत आणि खुब्यांच्या जागेवर काम नको.

3. जाळे तुटले तर अर्ज घेणारे एकच कार्यालय आणि उत्तर द्यायची ठरलेली मुदत.

4. वर्षाच्या हिशेबात एक रकाना आपला: किती जाळी तुटली, किती अर्ज आले, किती निकाली निघाले.

यात पैसा फार नाही. मन पाहिजे.

आता आपल्या घरचे. रागावू नका, पण बोलतो. काकांना मी विचारले होते, होडीवर दिवा होता का? ते गप्प बसले. आपल्यातल्या अर्ध्या होड्यांवर रात्री दिवा नसतो. जाळे टाकून बसलेल्या होडीचा नियमाचा दिवा वर लाल, खाली पांढरा. लहान होडीला एवढे जमत नसेल तर निदान चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावा. दोनशे-चारशे रुपयांसाठी जीव घालवू नका. जाळ्याचे बिल फेकू नका, मोबाईलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. अपघात झाला तर वेळ, जागा, बार्जचा रंग, काय दिसेल ते त्याच दिवशी लिहून द्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

आजपासून सोसायटीत एक वही ठेवली आहे. गेल्या तीन वर्षांत ज्यांची जाळी बार्ज किंवा बोटीने तोडली त्यांनी येऊन नोंद करावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल. पहिली नोंद काकांची केली आहे. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सभेत ही वही आणि वरच्या मागण्या समोर ठेवू. ठराव झाला की एक प्रत मत्स्योद्योग खात्याला, एक बंदर कप्तान खात्याला आणि एक नोएडाला.

ते टन मोजतात. जाळी आपणच मोजायला लागू. मग त्यांना बघावेच लागेल.

आपला,
सचिव