शिकाऊ किती काळ शिकाऊ?

आयटीआयमधून निघालेला फिटर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतो, तेव्हा त्याचे खरे शिक्षण सुरू होते. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घ्यावेच लागतात. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मात्र नाही. मेख इथेच आहे. विद्यावेतनावर राबवून घ्यायचे, मुदत सरली की नवा गडी आणायचा, हा काही मालकांचा शिरस्ताच झाला आहे. पोरांना ‘मेहनत करा’ सांगणे सोपे. ती बहुतेक करतातच. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पाळ्या सांभाळत पदवी मिळवणारेही त्यांच्यातच सापडतात. शिकाऊंपैकी किती जणांना कायम केले, हे दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन सरकारने कारखान्यांवर घालावे.