पिशवीवरचे दिवस

सोयाबीनची पिशवी घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : 'किती दिवसांचं?' 'शंभर', असं सांगून दुकानदार मोकळा होतो. पीक त्या मुदतीत आलं नाही की दोष बियाण्याला. मला ही समजूतच मान्य नाही. ते शंभर दिवस सगळे पिशवीत नसतात.

आमच्या शेताचा वरचा तुकडा मुरमाड, नाल्याकडचा खालचा काळाभोर. बी एकाच पिशवीतलं, तिफण एक, पेरणीचा दिवसही एक. सप्टेंबरात पावसानं पंधरवडाभर दडी मारली की वर पानं पिवळी पडून गळतात. खाली झाड अजून हिरवंगार. 'तुमचं वरचं लवकर आलं!' असं म्हणणारे शेजारी भेटतात. दोन शेंगा हातावर चोळून बघा म्हणावं. दाणे बारीक, सुरकुतलेले. ते लवकर आलं नाही, तहानेनं बळंच पिकलं. सगळं एकदम कापायला काढावं तर वरच्या शेंगा तडकून दाणे भुईवर, खालच्या अजून ओल्या.

वाणाला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. जेएस ९३०५ हे जेएस ३३५ च्या आठवडाभर तरी आधी येतं, आणि फुलोरा दिवसमानावरही ठरतो. पण वाण हद्द आखून देतं, एवढंच. त्या हद्दीत पीक कुठे टेकेल, ते मुळांजवळची ओल आणि हवा ठरवते.

'मग काळी जमीन असली की झालं!' हेही खोटं. काळी माती पाण्यानं फुगते आणि निचऱ्याची वाट बुजते. झड लागली की रान चिबडतं, मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडून खुंटतं.

आणि सध्याचा लाडका उपाय म्हणजे रोटाव्हेटर मारून मातीचं पीठ करणं. दिसायला रान फार देखणं दिसतं, हे खरं. पेरल्यावर एक जोरदार सर आली आणि वर कडक ऊन पडलं, की त्या पिठाची पापडी धरते. तूर, हरभरा आपल्या डाळिंब्या मातीतच ठेवून नुसता कोंब वर काढतात. सोयाबीन मात्र दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं. पापडीखाली त्याची वाकलेली मान मोडते. पापडी उचलून पाहा, मोडलेल्या माना दिसतील. आपण मात्र उगवण कमी म्हणून बियाण्याची तक्रार करतो.

भारी जमिनीला रुंद वरंबा हवा. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकातच काळ्या मातीसाठी ही पद्धत बसवली : वरंबा आणि सरी मिळून साधारण १५० सेंमी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावर मुळांना हवा राहते. पण म्हणून रुंद वरंबे पाडणारं यंत्र मुरमाड माळावरही फिरवणं हाही आंधळेपणाच. कमी पावसात तिथला उंच वरंबा आधी सुकतो. तिथे सपाट पेरावं आणि पीक महिन्याचं झालं की डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडाव्यात. पाणी तिथल्या तिथे मुरतं. खर्च दोरीचा.

आता आम्ही दोन्ही तुकडे वेगळे पेरतो आणि वेगळे कापतो. दोनदा यावं लागतं म्हणून मजूर कुरकुरतात.