झाड व्यापाऱ्याचं, बुडखा आपला?



रब्बीची रानं मोकळी झाली की आमच्या सीना काठाला दोन वाहनं फिरायला लागतात. आधी लाकूडवाल्याचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागोमाग जेसीबी. पहिला पैसे देऊन जातो, दुसरा घेऊन जातो. आणि आपण पारावर बसून सांगतो, "बाभळी चांगल्या गेल्या."

कुठं चांगल्या गेल्या? शेजारच्या वस्तीवरचा यंदाचाच हिशेब मांडतो, नाव सांगत नाही. खळ्याच्या कडेला तीन जुन्या बाभळी. व्यापाऱ्यानं तिन्हीचे मिळून उक्ते 9,000 ठरवले. कटर मशीननं सकाळच्या पारी आडव्या केल्या, गुडघाभर बुडखे ठेवले आणि माल भरून निघून गेला. खळं सपाट करून तिथं गोठा वाढवायचा होता, म्हणून जेसीबी बोलावला. आमच्याकडं सध्या तासाला 1,200. तीन बुडख्यांना साडेचार तास, वर येण्याजाण्याचा एक तास, झाले 6,600. निघालेले गड्डे दारात ठेवून काय करणार, ट्रॉलीच्या दोन खेपा, 1,000. खड्डे बुजवायला एक ट्रॉली मुरूम, 1,200. बेरीज 8,800.

नऊ हजारातले राहिले दोनशे. तीन पिढ्यांच्या बाभळी दोनशे रुपयांला गेल्या. त्यात ऑपरेटरचा चहा-नाष्टा धरलेला नाही.

माझं भांडण जेसीबीवाल्याशी नाही. त्याचं डिझेल जळतंय, हप्ता चालू आहे, तो तासाचे पैसे घेणारच. माझं भांडण आपल्या सौदा करण्याच्या पद्धतीशी आहे. बुडखा काढायला किती लागतील हे आपण झाड पडल्यावर विचारतो. तो खर्च झाड उभं असतानाच ठरलेला असतो.

व्यापारी गुडघाभर वर का कापतो? बुडाला खोड पसरट असतं, सालीत माती-खडे अडकलेले असतात, तिथं चेन लावली की धार जाते. शिवाय वाकावं लागतं. सौदा उक्ता असल्यानं खालचं फूट-दीड फूट सोडलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आपलं. जमिनीसरसा कापलेला बुडखा अंगणात तसाच राहिला तरी चालतो, त्यावर माती ओढता येते. गुडघाभर ठेवलेला मात्र बैलगाडीला आडवा येतो, ट्रॅक्टरचा नांगर मोडतो, रात्री माणूस अडखळतो. म्हणजे काढणं भागच पडतं. व्यापाऱ्याच्या पाच मिनिटांच्या आळसाचं बिल आपण तासाच्या दरानं भरतो.

म्हणून सौद्यात पहिली अट ही पाहिजे: जमिनीसरसं कापायचं, नाहीतर मुळासकट न्यायचं. बुडाशी टिकावानं चार इंच माती मोकळी करून साल झाडून घेतली की चेनीला काही होत नाही. "असं कोणी देत नाही" म्हणेल तो. मग पाचशे कमी घ्या, पण अट सोडू नका. (आंबा, चिंच, जांभूळ असेल तर आधी परवानगी. 1964 चा झाडं तोडण्याचा कायदा अजून आहे आणि ही झाडं त्याच्या यादीत आहेत. व्यापारी "मी बघतो" म्हणाला तरी झाड आपल्या सातबाऱ्यातलं असतं, हे ध्यानात ठेवा.)

आता मुळासकटची गोष्ट. आमच्या आज्याच्या काळात अंगणातलं झाड काढायचं तर कोणी आधी खोड कापत नसे. भोवतीनं चर खणायचा, आडवी मुळं उघडी करून कुऱ्हाडीनं तोडायची, शेंड्याला सोल बांधायचा आणि चार माणसांनी ओढायचं. झाड पडताना स्वतःच्या वजनानं गड्डा उपसून काढायचं. यात अडाणीपण काही नाही. उभं खोड म्हणजे वीस फुटांची पहार आहे, फुकट मिळालेली. आपण काय करतो, तर आधी ती पहार कापून विकतो आणि मग उरलेला गड्डा सात-साडेसात टनांच्या यंत्रानं खरवडत बसतो.

जेसीबी आणायचाच असेल तर तो कटरच्या आधी आणा. मागच्या बकेटनं तीन बाजूंची मुळं तोडायची, पुढच्या बकेटनं खोडाला उंचावर रेटा द्यायचा. जाणता ऑपरेटर मध्यम बाभूळ अर्ध्या तासात मुळासकट झोपवतो. मग व्यापाऱ्यानं आडव्या झाडाचे तुकडे करावेत आणि गड्डाही न्यावा, भट्टीला तो जळतोच. त्या शेजाऱ्याचे साडेचार तास दीडवर आले असते. मात्र घर, गोठा, विजेची तार किंवा विहीर झाडाच्या उंचीइतक्या टप्प्यात असेल तर हा उद्योग करू नका. तिथं वरून फांद्या उतरवतच खाली यायचं.

हल्ली मोबाईलवर सगळ्यांनी ते दात असलेल्या चाकाचं यंत्र पाहिलंय, बुडख्याचा भुसा करणारं. "आपल्याकडं कधी येणार?" म्हणून विचारणारे बरेच भेटतात. अमेरिकेत ते भाड्यानं मिळतं आणि दर बहुतेक ठिकाणी बुडख्याच्या रुंदीवर, इंचाला इतके, असा लावतात. पण रील नीट बघा. ते यंत्र साधारण सहा ते बारा इंच खोल जातं आणि थांबतं. खालची मुळं जागेवरच राहतात, तिथंच कुजतात. म्हणजे ज्यांच्याकडं खास यंत्र आहे, तेसुद्धा मूळ उपसत नाहीत. आणि तो भुसा मातीत मिसळला तर पहिली एक-दोन वर्षं तिथं पीक पिवळं पडणार. लाकडात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो, तो कुजवायला जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. भुसा घ्यायचा तर वर आच्छादन म्हणून घ्यावा, खाली गाडू नये.

इथवर अंगणाचं झालं. रानातल्या बुडख्याचं बिल तर पावतीवर दिसतच नाही. एका मोठ्या बुडख्याला आठ फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा होतो. गोल धरला तर 200 घनफूट, म्हणजे दोन ब्रास. त्यातली वरची फूटभर माती, अर्धा ब्रास, तीच खरी पिकाची. खालचं चुनखडीचं नाहीतर मुरमाचं. ऑपरेटर एका बकेटनं सगळं उपसतो आणि बुजवताना हाताला येईल तसं ढकलतो. काळी तळाला, पांढरी वर. मग त्या जागी हरभरा पिवळा पडतो आणि आपण फेरस सल्फेटची फवारणी शोधतो. शिवाय पहिल्या दोन पावसात खड्डा खचतो, पाणी साचतं. भोवतीची जमीन यंत्राच्या चाकांनी दाबलेली असते ते वेगळंच. काढायचाच असेल तर वरची माती आधी एका बाजूला काढून ठेवायला लावा. अर्धा तास जास्त लागेल, लागू द्या.

पण बांधावरचा बुडखा काढताच कशाला? कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर किती वर्षं सांगत आले की जमिनीखालचे अवशेष जागेवर कुजू द्या. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची सगुणा भात पद्धत याच पायावर उभी आहे. भाताचं मूळ ठेवायला आपण शिकलो, आणि बाभळीचं मूळ, जे कितीतरी खोल गेलंय, ते पैसे देऊन उपसतो. ते कुजलं की पाणी खाली जायला आयती वाट होते.

जमिनीसरसं कापा, वर कुऱ्हाडीनं आडव्याउभ्या खाचा पाडा, शेणकाला ओता, ओल टिकेल अशी मातीची ढेप द्या आणि वर भोपळ्याचा वेल सोडा. कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी फुटणार, ते फुटवे बोटभर असतानाच मोडत राहा. पानं मिळाली नाहीत की मुळातला साठा संपतो. बाभळीचा गाभा लवकर कुजत नाही, वेळ लागेल. बांधाला कुठं घाई आहे?

काही बुडखे मात्र काढलेच पाहिजेत. भिंतीला लागून असलेला, कारण वाळवी तिथून चौकटीत येते. मर रोगानं गेलेलं डाळिंब, मुळासकट काढून जाळायचं, तिथं काटकसर नको. कोकणातल्या मंडळींनी नारळाचा कुजका बुडखा ठेवू नये, गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो.

आणि कृपा करून जळकं ऑइल, खडेमीठ असले फुकटचे उपाय करू नका. मिठातला सोडियम मातीचं दगड करतो, आमची काळी आधीच चोपण व्हायला टपलेली आहे. ऑइलनं बुडखा कुजत नाही, उलट जास्त टिकतो. जुन्या कुंपणाच्या डांबांना बूड काळं करायला हेच ऑइल लावायचे, ते कशासाठी लावायचे?

माझ्या गोठ्यामागच्या दोन सुबाभळी या महिन्यात द्यायच्या आहेत. दोन व्यापारी येऊन गेले, जमिनीसरसं म्हटल्यावर दोघांनीही मान हलवली. तिसरा शुक्रवारी येतोय. त्याला दाखवायला बुडाची माती मोकळी करून ठेवली आहे.