विश्लेषण : धाराशिवच्या ‘धुई’ची बखर लिहिणार कोण?

धाराशिव म्हटले की दुष्काळ, टँकर आणि रणरणते ऊन आठवते. मात्र पावसाळा सरला की बालाघाटच्या पठारावर पहाटे धुके उतरते. शहरात त्याचे फोटो ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणून मोबाइलवर फिरतात. शिवारात त्यालाच ‘धुई’ म्हणतात आणि तुरीचा फुलोरा पाहून कपाळाला हात लावतात. या पाहुणीची ना बखर आहे ना सनावळी. ती लिहायचीच ठरवली तर?

प्राचीन काळी धुई होती का?

तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरहून भडोचला तलम कापड जात असल्याची नोंद आहे. ते तेरणाकाठच्या धुक्यातूनच विणले जाई, असे एखाद्या धुई-बखरकाराने ठोकून दिले तर ते खोडणार कसे? सकाळी नऊनंतर पुरावाच उरत नाही!

किल्ल्यांचे काय?

सुमारे ५५ टनांची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला गेली. एवढे धूड गावादेखत कसे हलले? बखरकार सांगेल, ‘धुक्यात!’ नळदुर्गला बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला, तोही त्याच्या मते या पाहुणीच्या मुक्कामासाठीच.

नामांतराचा परिणाम झाला का?

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. धुई मात्र धुईच राहिली. तिच्याबाबत हरकती-सूचना कोणी मागवल्या नाहीत.

मग ती खरोखर येते कुठून?

इथे बखर संपते आणि विज्ञान सुरू होते. परतीच्या पावसाने जमिनीत ओल असते. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. थंड हवा जड असल्याने ओढे, तलाव आणि खोलगट शिवारात धुके अधिक दाटते. एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. ऊन चढले की ते विरते.

गंमत कुठे थांबते?

तुरीच्या फुलोऱ्यावर. सलग धुके पडले की फुलगळ होते. द्राक्षाची पाने ओली राहिली की केवडा, म्हणजे डाउनी मिल्ड्यू, बळावतो. कांद्यावर करपा येतो. फवारणीचा खर्च वाढतो. तुळजापूर-सोलापूर मार्गावर वाहनचालकांनाही दिवे लावून जपून जावे लागते.

नोंद का हवी?

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो, म्हणून अतिवृष्टीचा पंचनामा होतो. मंडळस्तरावरची स्वयंचलित हवामान केंद्रे मुख्यतः पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा टिपतात. समोरचे किती दिसते हे नाही. पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातील मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. एखाद्या ओढ्याकाठच्या चार शिवारांत धुईने फुले गळाली, तर ते नुकसान सरासरीत विरून जाते. शेतकऱ्याने ‘धुईनं तूर गेली’ म्हणावे आणि कार्यालयाने ‘नोंद कुठे आहे?’ विचारावे, हा संवाद मग दरवर्षी रंगतो.

उपाय खर्चिक नाही. आर्द्रता, तापमान आणि वारा यांच्या उपलब्ध आकड्यांवरून धुक्याला पोषक रात्री शोधता येतात. त्याला गावातील रोजच्या निरीक्षणाची जोड दिली, तर धुक्याच्या दिवसांची मंडळनिहाय यादी तयार होईल. फवारणीचा सल्ला वेळेवर देता येईल आणि नुकसानीच्या दाव्याला तारखेचा आधार मिळेल.

तोफेची आणि कापडाची बखर थट्टेत खपून जाईल. गळालेल्या फुलांची मात्र खरीच लिहायला हवी, आणि तीही सकाळी नऊच्या आत.